जात्यावरची ओवी आणि संगणकाचें पान



छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारें 50 किलोमीटरांवर पैठण आहे, हें आपणांस ठाऊकच आहे. त्या पैठणांत शके 1506 मध्यें, म्हणजे इसवी सन 1584 मध्यें, नाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचें कार्य सिद्धीस नेलें. नकला करणारांच्या हातून तीन शतकांत पोथ्यांत नाना पाठ शिरले होते. ते ताडून पाहून त्यांनीं एक पाठ सिद्ध केला. तो सर्वतोमुखीं झाला, आणि बाजूस राहिलेले पाठ सामान्य वाचकाच्या दृष्टीआड गेले. यांत दोष कोणाचाच नव्हता. पोथीच्या पानावर जागाच बेताची असे.

आतां पान बदललें आहे. संगणकाच्या पानांत एका ओळीच्या पोटीं दहा पाठ, गाणारीचा आवाज आणि तिच्या गांवाचा नकाशा एवढें सर्व मावूं शकतें. परंतु त्यांतील काय ठेवावें, काय प्रथम दाखवावें आणि काय मागें ठेवावें, हें कोणी तरी ठरवावें लागतें. संकेतस्थळाची बांधणी व मांडणी करणारा कारागीर आणि वाङ्मयाचा किंवा इतिहासाचा अभ्यासक यांनीं हें एकत्र बसून कां ठरवावें, एवढ्याच मुद्द्यावर आज चार शब्द बोलावयाचे आहेत. ह्या संयुक्त विद्येस हल्लीं डिजिटल मानव्यविद्या म्हणतात. नांव भारदस्त असलें तरी तिचें नातें आपल्या घरांतील जात्याशींहि आहे.

पुण्यास येऊन राहिलेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनीं 1980 नंतरच्या काळांत खेडोपाडींच्या स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या टिपून घेण्याचें मोठें काम उभें केलें. पिठाच्या गिरण्या आल्या, जातीं कोपऱ्यांत गेलीं, आणि जात्याबरोबर ओवीहि जाणार हें उघड दिसत होतें. ह्या संग्रहांत आज 1 लाखाहून अधिक ओव्या आहेत; त्या गाणाऱ्या स्त्रिया 3 हजारांहून अधिक आणि त्यांचीं गांवें 1 हजाराहून अधिक आहेत. आमच्या मराठवाड्यांतील बीड जिल्ह्याच्या माजलगांवच्या स्त्रियांनीं बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्याहि त्यांत आहेत. पुढें बर्नार्ड बेल हे संगणकतज्ज्ञ ह्या कामांत आले आणि शब्द व ध्वनि यांची नीट बांधलेली नोंद तयार झाली. 2017 पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ओव्या वाचावयास व ऐकावयास मिळतात.

अशा कामाची घडण कशी असते, तें शाळेच्या हजेरीपटावरून समजेल. प्रत्येक मुलास एक क्रमांक असतो, आणि त्या एका क्रमांकानें त्याचें नांव, वय, गांव व गुण शोधतां येतात. त्याचप्रमाणें प्रत्येक ओवीस एक क्रमांक द्यावयाचा, आणि त्याला गाणारीचें नांव, गांव, तालुका, विषय व ध्वनिमुद्रण जोडावयाचें. मग माहेरच्या ओव्या कोणत्या तालुक्यांत अधिक गातात, हें एका क्षणांत पुढें येतें. कारागिराचें काम येथपर्यंत सरळ आहे. अडचण येते ती यापुढें.

दोन गांवच्या दोन बायका एकच ओवी गातात. फरक एका शब्दाचा. कारागिरास वाटतें, ही पुनरुक्ति. एक काढून टाकावी, म्हणजे पान सुटसुटीत होईल. अभ्यासकास मात्र तो एक शब्दच हवा असतो, कारण ओवी कोणत्या वाटेनें फिरली तें त्यावरून कळतें. इटलींतील फादर रोबेर्तो बुसा यांनीं 1949 पासून आय. बी. एम. कंपनीच्या यंत्रांच्या साह्यानें संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांची शब्दसूचि करावयास घेतली. ती छापली तेव्हां 56 खंड झाले. त्यांच्या संशोधनांत ‘मध्यें’ ह्या अर्थाच्या एका चिमुकल्या लॅटिन शब्दालाहि महत्त्व होतें. क्षुल्लक म्हणून तो गाळला असता, तर सगळा खटाटोप व्यर्थ गेला असता.

आपल्या भाषेंत तर एक टिंबसुद्धां घोटाळा करतें. हें भाषण लिहितांना मीं ‘नांव’ ह्या शब्दावर अनुस्वार दिला आहे. आपणांस तो ऐकूं येत नाहीं. 1962 च्या लेखननियमांनीं असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. परंतु संगणक प्रत्येक अक्षरास व चिन्हास एकेक अंक देऊन तें सांठवितो; त्याच्या हिशेबीं ‘नांव’ आणि ‘नाव’ हे दोन निराळे शब्द आहेत. एक शोधला, तर दुसरा सांपडत नाहीं. यावर तोड अशी कीं, मूळ लेखन जसेंच्या तसें ठेवावें, आणि पानावर न दिसणारें त्याचें प्रमाण रूप शोधापुरतें शेजारीं नोंदवावें. वाचकास मूळ दिसतें आणि यंत्रास प्रमाण रूप मिळतें. ही तोड केवळ कारागिरास सुचत नाहीं, आणि केवळ अभ्यासकास बांधतां येत नाहीं.

हें मी एवढ्या आग्रहानें सांगतों, त्याचें कारण मला थोडें संकोचानेंच सांगावें लागेल. माझ्या आजीच्या दोनशेंएक ओव्या आत्यानें एका वहींत उतरून घेतल्या होत्या. मी शाळामास्तर झाल्यावर त्या स्वच्छ अक्षरांत लिहून काढल्या, आणि लिहितांना ‘शुद्ध’ केल्या. आजी ‘मव्हा’ म्हणे. मीं सर्वत्र ‘माझा’ लिहिलें. सारख्या दिसल्या त्या ओव्या गाळल्या. मूळ वही माळ्यावर गेली आणि तिला वाळवी लागली.

गेल्या वर्षीं संकेतस्थळांचें काम करणारी माझी पुतणी त्या ओव्या पानावर चढवावयास बसली. तिनें पहिलाच प्रश्न विचारला, “काका, मूळ वही कुठंय?” माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. माहेरच्या ओव्यांत आजी ‘मव्हा’ म्हणे आणि सासरच्या ओव्यांत ‘माझा’, असें मला आतां आठवल्यासारखें वाटतें. तें खरें असेल, तर केवढी नाजूक गोष्ट ती होती! पण पुरावा मींच पुसून टाकला. पुतणीनें प्रत्येक ओवीखालीं लिहिलें आहे, ‘शुद्ध केलेली प्रत, मूळ उपलब्ध नाहीं.’ प्रथम मला तें वाक्य झोंबलें, आणि मीं तें काढावयास सांगितलें. ती म्हणाली, “काका, हे वाचून पुढचा माणूस फसणार नाही.” तिचें म्हणणें मला मान्य करावें लागलें, आणि तें वाक्य तेथें तसेंच आहे.

तेव्हां आपल्या घरीं अशी वही, पोथी किंवा मोडींतील कागद असतील, तर आधीं ते जसे आहेत तसे, पानांचा क्रम न मोडतां, छायाचित्रांत घ्या. कोणी लिहिलें, कोणत्या गांवीं, केव्हां, हें माहीत असेल तेवढें शेजारीं नोंदवा. नक्कल करतांना चूक वाटेल तीहि उतरवा. दुरुस्ती निराळ्या रकान्यांत करा. आणि घरांतील जो मुलगा किंवा मुलगी संगणकाचें काम जाणते, तिच्या शेजारीं स्वतः बसा. अक्षर कसें लावावें तें तिला आपण सांगावें, आणि पान कसें बांधावें तें तिच्याकडून शिकावें. मूळ वही मात्र माळ्यावर टाकूं नका.