आवड आणि तिचे कारण

मनुष्यास एखादी गोष्ट मनापासून आवडली, की ती एकट्याने उपभोगून त्याचे समाधान होत नाही. झाडावर पिकलेला पहिला आंबा आपण शेजारी नेऊन देतो. वाचलेली सुरस कथा मित्राला सांगतो. गाण्याच्या बाबतीत तर ही ओढ विशेषच तीव्र असते. "हे एकदा ऐकून तर पाहा," असे म्हणत आपण आपले आवडते गाणे दुसऱ्यापुढे ठेवतो. त्याने ते ऐकून "यात तुला एवढे काय आवडले?" असे विचारले, म्हणजे मात्र आपली पंचाईत होते. "छान आहे, म्हणून आवडले," यापलीकडे आपल्याला उत्तर सुचत नाही. त्याने मित्राचेही समाधान होत नाही आणि आपलेही. आवडीचे कारण शोधणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते; परंतु रसिकतेचा आरंभ तेथूनच होतो.

एके काळी गाणे ऐकावयाचे तर गवयासमोर जाऊनच बसावे लागे. मैफल संपली, की सूर हवेत विरून जात आणि श्रोत्याजवळ केवळ आठवण उरे. १८७७ साली अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी ध्वनी साठवून पुन्हा ऐकविणारे यंत्र तयार केले. पुढे एमिल बर्लिनर यांनी सपाट तबकडी प्रचारात आणली आणि एकाच गाण्याच्या हजारो प्रती काढणे शक्य झाले. भारतात १९०२ साली कलकत्त्यास ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गौहरजान या विख्यात गायिकेचे गाणे तबकडीवर उतरले. लाखेच्या मिश्रणाच्या या तबकड्या मिनिटास सुमारे ७८ फेरे घेत आणि तिच्या एका बाजूवर साधारणपणे तीनच मिनिटांचे गाणे मावे. एरवी तासभर राग आळविणाऱ्या गायकास त्याचे सार तेवढ्याच वेळात मांडावे लागे.

ही तीन मिनिटे कोणाच्या आयुष्यास कोणते वळण देतील, हे मात्र सांगता येत नसे. कर्नाटकातील गदग येथे वाढलेल्या एका मुलाने अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली. 'आपल्यालाही असेच गाता आले पाहिजे,' या ध्यासाने तो १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला. त्याचे हे धाडस इतरांनी अनुकरण करण्याजोगे नव्हे; परंतु त्यामागील तळमळ ध्यानात घेण्याजोगी आहे. केवळ 'छान' म्हणून तो स्वस्थ बसला नाही. हे सूर असे कसे लागतात, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. पुढे अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी त्याने विद्या मिळविली. तोच मुलगा पंडित भीमसेन जोशी या नावाने देशभर कीर्तिमान झाला आणि २००८ साली त्यांना 'भारतरत्न' हा सन्मान जाहीर झाला.

आवडलेले गाणे दुसऱ्यास सुचवावयाचे आणि ते का, हेही पटवून द्यावयाचे, या कामाची एक विलक्षण कसोटी १९७७ साली लागली. त्या वर्षी अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने दूरच्या ग्रहांकडे पाठविली. ती पुढे सूर्यमालेबाहेर जाणार होती. न जाणो, कोट्यवधी वर्षांनी ती कोणा बुद्धिमान जीवांच्या हाती लागली, तर त्यांना पृथ्वीची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविण्यात आली. तीवर पृथ्वीवरील चित्रे व आवाज आहेत आणि ५५ भाषांतील अभिवादने आहेत. त्यांत आपल्या मराठीचाही समावेश आहे. संगीतासाठी मात्र सुमारे दीड तासाचीच जागा होती. साऱ्या जगाचे संगीत आणि वेळ अवघा दीड तास!

हे काम शास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे आले. त्यांनी निरनिराळ्या देशांच्या संगीताच्या जाणकारांस विचारले. प्रत्येकाची आवड वेगळी, आणि प्रत्येकापाशी आपली कारणे. अमेरिकन गायक चक बेरी यांचे एक 'रॉक' प्रकारातील गाणे घ्यावे, अशी सूचना आली, तेव्हा लोकसंगीताचे गाढे अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी ती नापसंत केली. हे संगीत पोरवयाचे आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यावर, पृथ्वीवर पोरवयाची माणसेही पुष्कळच आहेत, असे सेगन यांनी उत्तर दिले. ते गाणे तबकडीवर गेले. अखेरीस २७ रचना निवडण्यात आल्या. त्यांत जर्मनीच्या बाख यांचे संगीत आहे, जपानी बासरी आहे, जावा बेटावरील वाद्यमेळ आहे, आणि भारताचे एक गाणेही आहे.

हे भारतीय गाणे म्हणजे सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली 'जात कहाँ हो' ही भैरवी. ती सुचविली रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या प्राध्यापकांनी. आपल्या यादीत त्यांनी तिला अग्रस्थान दिले होते. परंतु ती ध्वनिमुद्रिका जुनी होती आणि बाजारात मिळेनाशी झाली होती. निवडीच्या कामातील अ‍ॅन ड्रुयन यांनी पुष्कळ दुकाने धुंडाळली आणि शेवटी ब्राउन यांना दुसरे एखादे गाणे सुचविण्याची विनंती केली. ब्राउन सहजासहजी कबूल होईनात. शोध चालू ठेवा, असाच त्यांचा आग्रह. अखेर न्यूयॉर्क शहरात एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, एका टेबलाखाली ठेवलेल्या धुळकट खोक्यात, त्या ध्वनिमुद्रिकेच्या तीन कोऱ्या प्रती सापडल्या. एका रसिकाने आपली आवड इतक्या निष्ठेने धरून ठेवली नसती, तर तो स्वर पृथ्वीवरच राहिला असता.

केसरबाईंचा जन्म १८९२ साली गोव्यातील केरी या गावी झाला. जयपूर-अत्रौली घराण्याचे थोर गायक अल्लादिया खाँ यांच्यापाशी त्यांनी अनेक वर्षे अत्यंत कष्टाने विद्या संपादन केली. भरदार, मोकळा आवाज, दीर्घ दमसास आणि एकात एक गुंफलेल्या ताना ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये होत. भैरवी हा राग आपल्याकडे बहुधा मैफलीच्या शेवटी गातात. त्यातील कोमल स्वरांमुळे निरोपाच्या घटकेची हुरहूर मनात दाटून येते. 'जात कहाँ हो' म्हणजे 'कोठे चालला आहात?' अनंत अवकाशात निघालेल्या यानास याहून समर्पक प्रश्न कोणता विचारावा? दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी आकाशात झेपावले आणि त्यानंतर अकराच दिवसांनी केसरबाईंचे निधन झाले. त्यांचा स्वर मात्र आज सूर्य आणि पृथ्वी यांमधील अंतराच्या दीडशेपटींहूनही अधिक दूर जाऊन पोहोचला आहे.

मुलांनो, एखाद्या गाण्याची अशी निवड करण्यासाठी फार मोठी विद्वत्ताच हवी, असे समजू नका. लक्ष देऊन ऐकण्याची सवय मात्र हवी. आवडलेले गाणे एकदा केवळ आवाजासाठी ऐका. तो भरदार आहे की नाजूक, मोकळा आहे की दबलेला, हे पाहा. दुसऱ्या वेळी लयीकडे कान द्या. ठेका संथ आहे की जलद, आणि तो मध्येच बदलतो काय, हे न्याहाळा. तिसऱ्या वेळी शब्द ऐका आणि सूर त्यांचा अर्थ कसा खुलवितात, याचा विचार करा. गाण्यातील नेमक्या कोणत्या जागी आपले मन हेलावले, हे शोधून काढा. "ते गाणे छान आहे," असे न म्हणता, "दुसऱ्या कडव्यात आवाज एकदम खाली येतो, तेथे मला फार बरे वाटते," असे मित्राला सांगा. तो ती जागा मुद्दाम ऐकेल. कदाचित तुमच्या ध्यानात न आलेली दुसरी एखादी जागा तोच तुम्हास दाखवील.

सर्वांची आवड सारखी नसते. आजोबांना नाट्यगीत प्रिय असेल, आईला भावगीत, शेजारच्या दादाला चित्रपटातील नवे गाणे. दुसऱ्याच्या आवडीस नावे ठेवण्यापूर्वी ते गाणे त्याला का आवडते, हे विचारावे, आणि त्याने दाखविलेली जागा मोकळ्या मनाने ऐकावी. ऐकूनही ते आपल्याला आवडले नाही, तरी बिघडत नाही. आपली आवड हट्टाने लादू नये, तशी ती संकोचाने लपवूही नये. लोमॅक्स आणि सेगन यांचे मत जुळले नाही. पण मतभेद झाला तेव्हा दोघांनीही आपापली कारणे पुढे मांडली. ज्याला आपल्या आवडीचे कारण सांगता येते, त्याचे म्हणणे दुसरा आदराने ऐकून घेतो. आणि तसे ऐकून घेता घेता दोघांच्याही संग्रहात एकेका चांगल्या गाण्याची भर पडते.