पांढरी पाच ते काळी पाच

अमेरिकेतल्या ड्रम कोअरच्या कुठल्याही जुन्या चाहत्याशी बोलायला बसलं, की गाडी थोड्याच वेळात 2000 सालावर येते. त्या हंगामापासून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ने, म्हणजे डीसीआयने, संघांना कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्यं वापरायची मुभा दिली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ‘जी’ पट्टीची बिगुलं काही वर्षांतच मैदानावरून हद्दपार झाली. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर ट्रम्पेटांपासून ट्यूबांपर्यंत बहुतेक सगळा ताफा पांढरी पाचवरून काळी पाचवर गेला. फरक तीन पट्ट्यांचा. पण त्यावरून आजही माणसं हमरीतुमरीवर येतात. ‘तो आवाज गेला’ असं म्हणताना त्यांचा गळा दाटतो, आणि मला ते खरं वाटतं. मात्र त्या आवाजाचं काय झालं याचा शोध घ्यायचा तर 2000 हे साल पुरेसं नाही. मागेही जावं लागतं आणि पुढेही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ड्रम कोअर म्हणजे शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींचं संचलन करणारं वाद्यपथक. बाविशीच्या आत बाहेर पडायचं. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारी मंडळी, मुळात एवढाच सरंजाम. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, बासरी नाही. उन्हाळ्यात दोन-अडीच महिने बसने देशभर हिंडायचं, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपायचं, ट्रकमधल्या स्वयंपाकघरात शिजलेलं खायचं, दिवसभर उन्हात तालीम करायची आणि रात्री फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम परीक्षकांपुढे सादर करायचा. या श्रमाचे पैसे मुलांना मिळत नाहीत. उलट मुलंच भरतात.

याची मुळं पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत आहेत. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संघटना, अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू, गावोगावी होत्या. त्यांच्या शाखांनी, चर्चनी, स्काउट पथकांनी मुलांच्या हाती ढोल आणि बिगुलं दिली. सैन्यातला बिगुल साधा, त्याला कळ नाही. फुंकर आणि ओठांचा ताण यांवर जे निघेल ते वाजवायचं, आणि निघतं ते मुख्यतः सा, ग, प. हुकूम द्यायला हे तीन सूर पुरतात, गाणं वाजवायला पुरत नाहीत. 1929 च्या सुमारास एक आडवी पिस्टन आली. ती उजव्या अंगठ्याने दाबली की बिगुल जीवरून डीवर उतरायचा आणि प, नी, रे हाती लागायचे. तरीही म आणि ध सहजी सापडत नव्हते. पुढच्या तीसेक वर्षांत डाव्या हाताने फिरवायचा रोटर आला, आधी अर्धा स्वर उतरवणारा, मग पूर्ण स्वर. पिस्टन आणि रोटर एकदम लावले की म आणि ध मिळाले. रोटरला परवानगी नव्हती त्या दिवसांत काही पोरं वाजवता वाजवता सूर जुळवायची नळी डाव्या हाताने सरकवून तो अर्धा स्वर चोरायची. नियमांच्या पुस्तकापेक्षा त्या पोरांच्या कानाला जास्त सूर हवे होते. पुढचे सगळे बदल मला या एका खटपटीत दिसतात.

त्या बिगुलांचा आवाज कसा होता? उघडा, धारदार, थोडा रांगडा. आजच्या कानाला खटकेल इतका बेसूरही होई, कारण वरच्या पट्टीत ती वाद्यं सुरात ठेवणं महाकर्मकठीण. पण साठच्या सुमारास खांद्यावर तोफेसारखा घ्यायचा काँट्राबास बिगुल आला आणि खर्ज भरला. तो आजच्या मैदानी ट्यूबापेक्षा तीन पट्ट्या खाली. संघ एका ओळीत प्रेक्षकांकडे चालत येई आणि सगळे कर्णे एकदम वर उचलले जात, तेव्हा गणपतीत पथकाचा ढोल छातीत वाजतो तसा तो आवाज अंगावर येई. ध्वनिमुद्रणात त्याचा चौथा हिस्सासुद्धा उतरलेला नाही, असं ते ऐकलेली माणसं सांगतात. जुन्या तबकड्या ऐकल्यावर हे पटतं: टाळ्या आणि आरोळ्या वाद्यं वाजत असतानाच सुरू होतात, थांबण्याची वाट कोणी पाहत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अशी शेकडो पथकं होती. 1971 मध्ये काही संघचालक लीजन आणि व्हीएफडब्ल्यूच्या नियमांना कंटाळून एकत्र आले. कॅस्परच्या ‘ट्रूपर्स’चे जिम जोन्स आणि शिकागोच्या ‘कॅव्हेलियर्स’चे डॉन वॉरन त्यांत पुढे होते. डीसीआय जन्मली, आणि 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली स्पर्धा झाली. ती ‘अनाहाइम किंग्जमेन’नी जिंकली. 1977 मध्ये दोन उभ्या पिस्टनना मान्यता मिळाली, 1990 मध्ये तीन. आता ट्रम्पेटवर निघतं ते सगळं बिगुलावर निघू लागलं. मधल्या काळात गुण देण्याची पद्धतही बदलली. 1983 पर्यंत चूक दिसली की गुण कापायचा, अशी रीत होती. परीक्षक मैदानात वाजवणाऱ्यांच्या अंगाला अंग लावून फिरत आणि टिपत. 1984 पासून ती कापाकापी गेली, आणि मग संगीतकारांना धाडस करायला मोकळीक मिळाली.

या काळातला एक माणूस मला विसरता येत नाही: जिम ऑट. स्टॉकटनचे ‘कमोडोर्स’, ‘ब्लू डेव्हिल्स’ आणि अटलांटाचं ‘स्पिरिट’ या संघांच्या पितळी ताफ्याला त्याने नवा घाट दिला. 1980 मध्ये ऐन उमेदीत तो मोटार अपघातात गेला. डीसीआयच्या अजिंक्यपद स्पर्धेत सर्वोत्तम पितळी वादनाला जो पुरस्कार मिळतो, त्याला त्याचं नाव आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘ब्लू डेव्हिल्स’कडे वेन डाउनी अनेक दशकं संगीतरचना करत राहिला. एकाच माणसाचा कान इतका काळ एका संघावर असल्यामुळे त्या संघाचा जॅझकडे झुकलेला गोल आवाज डोळे मिटूनही ओळखता येई.

आणि मग ‘स्टार ऑफ इंडियाना’. 1985 मध्ये ब्लूमिंग्टनच्या बिल कुक या उद्योगपतीने पैसा ओतून हा संघ मैदानात उतरवला. 1991 मध्ये त्यांनी जिंकलं. पण ऐकण्यासारखा आहे तो 1993 चा कार्यक्रम. बार्टोक आणि बार्बर यांच्या रचना, भडक रंग नाही, टाळ्यांसाठी थांबणं नाही. दोन सुरांमधली शांततासुद्धा मोजून ठेवलेली. पितळी वाद्यं इतक्या हळू आवाजात, इतक्या एकजीवपणे मैदानावर कोणी वाजवली नव्हती. काही ठिकाणी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जॅक्सनच्या अंतिम फेरीत ‘कॅडेट्स’ 0.1 गुणाने पुढे गेले, आणि ‘स्टार’ने स्पर्धाच सोडली. पुढे त्याच मंडळींतून ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय कार्यक्रम तयार झाला आणि 2001 मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. लक्षात घ्या, 1993 ला वाद्यं जीचीच होती. तेव्हा ‘जी बिगुल म्हणजे रांगडा आवाज’ हे समीकरण तिथेच मोडतं. घासूनपुसून बेतलेला आवाज पट्टी बदलण्याच्या सात वर्षं आधी मैदानावर आलेला होता.

मग पट्टी बदलली तरी का? कारण अगदी व्यवहाराचं. शाळेच्या बँडमध्ये मुलं वाजवतात ती वाद्यं काळी पाचची. जी बिगुल संघांखेरीज कोणालाही नको. कंपन्यांनाही त्यात फारसा धंदा नाही. काळी पाचचा ताफा घेतला की हंगामानंतर तो शाळांना विकता येतो आणि पुढच्या वर्षी नवा आणता येतो. सूर सांभाळणंही सोपं जातं. नुकसान झालं ते जी बिगुल घडवणाऱ्यांचं. त्यांतलं कान्सटुलचं नाव मोठं. कारखाना अनाहाइमचा, पहिल्या विजेत्यांच्याच गावचा. 2019 मध्ये तो बंद झाला.

माझ्या मते आवाजातली खरी फारकत नंतरची आहे. 2004 मध्ये मैदानापुढच्या मरिंबा-व्हायब्राफोनांना आणि माणसाच्या आवाजाला माइक मिळाले. 2009 मध्ये सिंथेसायझर आले. मग पितळी एकलवादनालाही माइक आला. यात चांगलं काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. 2014 च्या ‘ब्लूकोट्स’च्या ‘टिल्ट’ या कार्यक्रमात सगळा ताफा सूर खाली घसरवतो आणि इलेक्ट्रॉनिक आवाज त्याच्या जोडीने घसरतो, तेव्हा आख्खं स्टेडियम कलंडल्यासारखं वाटतं. त्याच्या आदल्या वर्षी ‘कॅरोलायना क्राउन’ने फिलिप ग्लासच्या संगीतावर जे वाजवलं, त्यात पळत पळत इतक्या वेगाने इतकं स्वच्छ पितळ वाजतं की साठच्या दशकातल्या कुठल्याही संघाने तोंडात बोट घातलं असतं. आजची मुलं पूर्वीच्यांहून सरस वाजवतात, यात शंकाच नको.

पण खर्जाखाली सिंथेसायझरची गुरगुर सतत चालू राहिली, की ट्यूबा काय करताहेत हे कळेनासं होतं. अंतिम फेरी 2009 पासून इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये होते. त्याच्या छताखाली तो गुरगुराट आणखी फिरत राहतो. दीडशेच्या घरात पोरं मैदानावर आणि त्यांच्या आवाजाचा तोल मिक्सरपाशी बसलेल्या एका माणसाच्या बोटांवर, हे मला पटत नाही.

या तोलाचं महत्त्व कळायला मैदानावरची अडचण नीट पाहावी लागते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. दोन वादक साठ मीटरवर असले तर एकाचा सूर दुसऱ्याला 0.18 सेकंद उशिरा पोचतो. लय जलद असेल तर हा अर्धा ठोका झाला. ऐकून वाजवलं तर चुकणारच. म्हणून मुलांना शिकवतात: पाठीमागून येणाऱ्या ढोलांवर विसंबा, पुढच्यांचा कानोसा घेऊ नका, लांब असाल तर निर्देशकाच्या हातांवर नजर ठेवा. सत्तर-ऐंशी जणांचा श्वास, पाऊल आणि ओठ असे जुळवायला अख्खा उन्हाळा जातो. स्पीकर मध्ये आला की या कमाईतला मोठा भाग ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

तो जुळलेला आवाज अजून ऐकायचा असेल तर स्पर्धेआधी स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये जावं. संघ अर्धवर्तुळात उभा राहतो. शिक्षक मध्ये. आधी नुसता श्वास: आठ मात्रा आत, आठ बाहेर. मग एकच लांब सूर, हळू, मोठा, परत हळू. मग एखादी संथ प्रार्थनेसारखी धून. भोवती म्हातारे चाहते, लहान पोरं, वादकांच्या आया खुर्च्या टाकून बसलेल्या. तारा नाहीत, पेट्या नाहीत. पाच फुटांवर उभं राहिलं तर ट्रम्पेटवाल्या मुलीच्या गालांवरचा उन्हाने सोललेला पापुद्रा दिसतो आणि तिच्या वाद्यातून निघालेली हवा अंगाला लागल्यासारखी वाटते. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये आता बरीच दिसतात. मुलाने ‘मला उन्हाळाभर कोअरला जायचंय’ म्हटलं की आईबाबांना पहिला प्रश्न कॉलेजच्या प्रवेशाचा पडतो. त्यांनी निर्णय घेण्याआधी एकदा या अर्धवर्तुळाजवळ उभं राहावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि भवितव्य तिथेच अडलं आहे. वरच्या श्रेणीतल्या अनेक संघांत एका मुलाचं शुल्क आता पाच हजार डॉलरच्या पुढे जातं. बस, डिझेल, विमा, शिक्षक, रचनाकार, मैदानावरचे उतार आणि पडदे, ध्वनियंत्रणा आणि ती हाकणारा माणूस, सगळ्याचा भार. पूर्वी चर्च आणि लीजनची शाखा खर्च उचलत, मग कित्येक संघ बिंगोचे अड्डे चालवून पैसा उभा करत. गावातली कामगारांची पोरं फुकटात किंवा चार डॉलरांत वाजवत. आता शेकड्यांऐवजी वरच्या श्रेणीत जेमतेम वीसेक संघ आहेत आणि मुलं देशाच्या दुसऱ्या टोकाहून विमानाने येतात. आवाज जसजसा घडत गेला, तसतसं त्याच्याखालचं गाव निसटत गेलं. 2020 मध्ये करोनाने पूर्ण हंगाम बुडवला. 2023 मध्ये ‘सांता क्लारा व्हॅनगार्ड’सारखा दिग्गज संघ आर्थिक कारणाने मैदानात उतरला नाही. पुढच्या वर्षी तो परतला.

‘कॅडेट्स’ मात्र परतले नाहीत. 1934 मध्ये न्यू जर्सीतल्या गारफिल्डच्या एका चर्चने सुरू केलेला हा संघ दहा वेळा जिंकला होता. 2018 मध्ये त्यांच्या संचालकावर अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आणि त्याला जावं लागलं. नंतर जुन्या काळातल्या कथित अत्याचाराबद्दल दिवाणी दावा दाखल झाला, आणि त्याचा खर्च पेलवत नाही म्हणून जानेवारी 2024 मध्ये संघ बंद झाल्याचं जाहीर झालं. इतका मोठा संघ बुडाल्याचं दुःख चाहत्यांना झालं ते समजतं. पण मुलांना उन्हाळाभर घरापासून लांब नेणाऱ्या संस्थेने त्यांच्या सुरक्षिततेचा हिशेब आधी द्यायला हवा. ज्यांनी सोसलं त्यांच्या दुःखापुढे संघाच्या चषकांचा उल्लेखसुद्धा नंतर यावा. विश्वास नसेल तर पालक मूल पाठवणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

2025 मध्ये ‘बोस्टन क्रुसेडर्स’नी पहिल्यांदा डीसीआयचं विजेतेपद मिळवलं. हा 1940 चा संघ, अनेकदा मोडता मोडता वाचलेला. जुन्या चाहत्यांना त्या रात्री रडू आवरलं नाही. माझा जीव मात्र खालच्या श्रेण्यांत आणि प्रौढांच्या पथकांत गुंतला आहे. ही पथकं शनिवार-रविवारी जवळच्या शाळेच्या मैदानात तालीम करतात, सोमवारी माणसं कामावर जातात, मुलं उन्हाळ्याची नोकरी सोडत नाहीत, फेऱ्या आसपासच्या दोन-तीन राज्यांतच होतात. यांतल्या वयाची अट नसलेल्या पथकांना डीसीआयने आता आपल्या छत्राखाली घेतलं आहे. त्यांच्या ताफ्यात ट्रम्पेट कमी पडतात, सूर कधी कधी सुटतो, ध्वनियंत्रणेला पैसा नसतो. डीसीआयने खर्चाला मर्यादा घालायची ठरवलीच, तर सुरुवात स्पीकरांपासून करावी आणि वाचलेला पैसा या पथकांच्या बसभाड्याला द्यावा.