वायफाय-मोबाईलचं बिल कमी कसं करायचं?

वाशी-नेरूळमध्ये घरूनच धंदा सुरू करताय? मग हे बिल दर महिन्याचा पक्का खर्च. ते असं कमी करा:

१. खरा आकडा काढा. जाहिरातीतल्या दरावर सहसा १८% जीएसटी वेगळा लागतो. ५०० चा प्लॅन म्हणजे ५९० रुपये, वर्षाला ७,०८०.

२. बिल्डिंगमध्ये कोणाकोणाची लाइन आहे ते सोसायटीत विचारा. दोघांचे दर घ्या आणि सरळ बोला, "समोरचा एवढ्यात देतोय, तुम्ही काय कराल?" दर उतरत नसेल तर इन्स्टॉलेशन आणि राऊटरचं डिपॉझिट माफ करायला सांगा.

३. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी महिनाभर चालवा, रात्रीचा स्पीड तपासा.

४. ग्राहकांकडे असलेला नंबर जाईल म्हणून महाग प्लॅन चालू ठेवू नका. इंग्रजीत 'पोर्ट', स्पेस, आपला नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. येणारा कोड महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. मुख्य अटी: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेड असेल तर थकबाकी नको.

सोडून जायची तयारी दिसली की भाव उतरतो. आजच फोन लावा!