अठ्ठावीस कप्प्यांचा साक्षीदार

म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये माझी मावशी राहते. लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. सकाळची न्याहारी आटोपली की तिच्या घरात एकच प्रश्न तीन तोंडांनी विचारला जातो. काका पेपरातून डोकं न काढता विचारतात, “अगं, गोळी घेतलीस का?” मग बंगळुरूहून मुलाचा फोन येतो, त्यातही तेच. आणि कामाला येणारी बाई जाता जाता उंबऱ्यात थांबते, “अम्मा, मात्रे तगोंड्रा?” कानडीत गोळीला ‘मात्रे’ म्हणतात. आपल्याकडे मात्रा सहाणेवर उगाळायची, मधातून चाटवायची आणि ती लागू पडायची वाट बघायची. शब्द एकच, तिकडे तो कारखान्यातल्या गोळीपर्यंत पोचला, आपल्याकडे आजीबाईच्या बटव्यात राहिला.

मावशीचं उत्तर ठरलेलं असतं : “घेतली वाटतं.”

हा लेख त्या ‘वाटतं’विषयी आहे.

जिना उतरल्यावर ‘कुलूप लावलं का?’ म्हणून परत वर गेला नाही, असा माणूस विरळा. कुलूप लावलेलंच असतं. लावल्याचं दृश्यही डोळ्यांसमोर असतं, फक्त ते आजचं की कालचं, हे सांगता येत नाही. एखादी कृती हजारदा त्याच जागी, त्याच वेळी केली की मेंदू तिची वेगळी नोंद ठेवायचं सोडून देतो. गोळीचंही तसंच. गोळी घ्यायची आहे हे आठवणं ही एक गोष्ट आणि ती घेऊन झाली आहे हे आठवणं ही दुसरी. मोबाइलचा गजर पहिलीत मदत करतो. दुसरीत तो काही कामाचा नाही; उलट गजर बंद करून गोळी विसरणारे आणि गोळी घेऊनही गजर ऐकून पुन्हा घेणारे, दोघेही त्याच्या हातून निसटतात.

नातवाने ऑनलाइन मागवलेली प्लास्टिकची डबी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आडवे सात वार आणि उभे चार मजले : सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. एकूण अठ्ठावीस कप्पे. मिसळणाच्या डब्यातही सात वाट्या असतात, पण तिथे वाटी सांगते ‘काय’. इथे कप्पा सांगतो ‘कधी’. बुधवार-सकाळ रिकामं दिसलं की गोळी पोटात गेली. आठवायचं काही उरलं नाही, नुसतं बघायचं. डबी स्मरणशक्ती वाढवत नाही. ती साक्ष देते.

हे ज्याला फार आधी उमगलं तो डॉक्टर नव्हता. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डेव्हिड वॅग्नर नावाचे इंजिनियर होते. १९६१मध्ये, चौथ्या मुलानंतर, त्यांच्या पत्नी डोरिस यांनी नव्यानेच आलेली गर्भनिरोधक गोळी सुरू केली. वीस दिवस गोळ्या, मग खंड, मग पुन्हा सुरुवात. बाटलीतून सुट्या येणाऱ्या गोळ्यांचा हिशेब दोघांनाही जमेना आणि वॅग्नर यांच्या सततच्या ‘घेतलीस का?’वरून घरात खटके उडू लागले. सरस्वतीपुरमपेक्षा फार वेगळं चित्र नाही! त्यांनी एका कागदावर वार लिहिले, प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली आणि कागद खोलीतल्या कपाटावर ठेवला. दोन आठवडे घरात शांतता नांदली. मग कशाचा तरी धक्का लागला आणि सगळे वार जमिनीवर सांडले. वॅग्नर यांनी प्लास्टिकचे पत्रे कापले, भोकं पाडली, मुलाच्या खेळण्याचं एक बटण काढून बसवलं आणि गोल फिरणारी डबी तयार केली. १९६२मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६४मध्ये ते मिळालं. दरम्यान एका औषध कंपनीने तशीच तबकडी बाजारात आणलीही होती. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि दहा हजार डॉलरवर मिटलं. आपल्याकडच्या ‘माला-डी’च्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात, त्यातल्या सात तपकिरी गोळ्या लोहाच्या. लोह उपयोगी आहेच, पण त्या सात गोळ्यांचं खरं काम कॅलेंडरचं : खंड पडू न देणं, मोजायची वेळच येऊ न देणं.

गोळीचा हिशेब घरातल्या माणसाच्या माथी आला तरी कधी? त्याचंही उत्तर म्हैसूरात सापडतं. केआरएस रस्त्यावर राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांच्या नावाचं क्षयरोग आरोग्यधाम आहे. महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी बहिणीच्या स्मरणार्थ उभारलेलं. अशा आरोग्यधामांत औषध देण्याचं आणि ते घेतलं का हे पाहण्याचं काम परिचारिकेचं असे. मग १९५९मध्ये मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्राने एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही रुग्ण आरोग्यधामात ठेवले, काहींना दाटीवाटीच्या वस्तीतल्या त्यांच्या घरीच औषधं दिली. दोघांचे निकाल जवळपास सारखे. जगभर आरोग्यधामांच्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. रुग्ण घरी आला, गोळ्या त्याच्याबरोबर आल्या; परिचारिका तेवढी मागे राहिली.

तिची जागा पाकिटाने कशी भरून काढली, ही गोष्ट मुंबईची आहे आणि ती सांगितली जात नाही याची मला खंत आहे. कुष्ठरोगावर अनेक वर्षं डॅप्सोन ही एकच गोळी होती. ती वर्षानुवर्षं घ्यायची. कंटाळून सोडली की जंतू तिला सरावायचे. १९८२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाच वेळी अनेक औषधं देण्याची शिफारस केली. पण काही औषधं महिन्यातून एकदा, तीही कर्मचाऱ्यासमोर. काही रोज घरी. कागदाच्या पुड्यांतून हे गणित कोण सांभाळणार? शीवमध्ये डॉ. आर. गणपती यांनी १९७६ साली सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टमध्ये डॉ. सी. आर. रेवणकर आणि सहकाऱ्यांनी यासाठी कॅलेंडरसारखी पाकिटं रुग्णांमध्ये वापरून पाहिली आणि त्यावर शोधनिबंध लिहिले. अठ्ठावीस दिवसांचं एक पाकीट. पहिल्या दिवसाचा मोठा डोस वेगळा, पुढच्या दिवसांची घरं वेगळी. वाचता येत नसलं तरी फोडलेलं आणि न फोडलेलं घर कळतंच. पुढे ही पाकिटं जगभर रंगांवरून ओळखली जाऊ लागली : जास्त जंतू असलेल्या प्रौढांचं लाल, कमी जंतूवाल्यांचं हिरवं. १९९५पासून ती सर्व देशांना मोफत मिळतात आणि दीड कोटीहून अधिक माणसं या उपचाराने बरी झाली. याचं श्रेय औषधांना आहेच. पण औषध चार भिंतींबाहेर, झोपडीत, एकट्या माणसाच्या हातात टिकलं ते त्या ॲल्युमिनियमच्या पाकिटामुळे, हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

आता जाहिरातींकडे वळू. ‘स्मार्ट’ डब्या आल्या आहेत : वाजणाऱ्या, चमकणाऱ्या, मुलाला अमेरिकेत संदेश पाठवणाऱ्या. त्यांच्या जाहिराती वाचताना २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला हटकून आठवतो. औषधं नियमित न घेणाऱ्या ५३,४८० लोकांची वाटणी करून काहींना बाटलीला लावायची वारांची पट्टी, काहींना वेळ दाखवणारं झाकण, काहींना साधी कप्प्यांची डबी पाठवली. उरलेल्यांना काहीच नाही. वर्षाने पाहिलं. औषधं नीट घेणाऱ्यांचं प्रमाण डबीवाल्यांत १६.३ टक्के आणि काहीच न मिळालेल्यांत १५.१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. क्षयरोगासाठी आपल्याकडे गोळीमागे फोन नंबर लपवण्याची युक्ती निघाली : गोळी बाहेर काढली की नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. कल्पना सुरेख. पण त्या कॉलची नोंद लघवीतल्या औषधाच्या चाचणीशी ताडून पाहिली तेव्हा ताळा फारसा जुळला नाही. रुग्ण औषधाबाबत थापा मारतात, हे हिपोक्रेटिसच्या नावावरच्या जुन्या ग्रीक ग्रंथांतही नोंदलेलं आहे. डबी रिकामी झाल्याची साक्ष देते. गोळी पोटात गेली की बेसिनमध्ये, हे तिला ठाऊक नसतं.

मग डबी निरुपयोगी? नाही. अमेरिकेतल्या त्या डब्या टपालाने आल्या होत्या, इतकंच लक्षात ठेवायचं. त्या भरायला कुणी बसलं नव्हतं.

मावशीची डबी पहिल्यांदा भरायला मी आणि काका रविवारी जेवणाच्या टेबलावर बसलो. अडीच तास गेले! आपल्याकडे गोळ्या पट्टीतून येतात, दहाच्या किंवा पंधराच्या. आठवडा मात्र सातचा. शिवाय दुकानदाराने कापून दिलेल्या चार गोळ्यांवर ना नाव उरतं ना मुदत. भरता भरता काका थबकले. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, दोन वेगळी नावं. आणि दोन्ही पट्ट्यांवर बारीक अक्षरात एकच औषध : टेल्मिसार्टन. मावशी गेले चार महिने रक्तदाबाची गोळी दुप्पट घेत होती. किंवा, तिच्या ‘वाटतं’च्या कृपेने, सुदैवाने घेत नव्हती.

हा विनोद नाही. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या संशोधकांनी २०१६मध्ये एका छोट्या अभ्यासात हेच पाहिलं. विसरत विसरत औषधं घेणाऱ्या वृद्धांना डबी दिल्यावर काहींची प्रकृती बिघडली, कारण डबी यशस्वी झाली! आधी गोळ्या चुकायच्या, रक्तदाब उतरायचा नाही, डॉक्टर डोस वाढवायचे. डबी आली आणि तो वाढवलेला डोस प्रथमच पुरता पोटात गेला. म्हणून डबी सुरू करताना डॉक्टरांना आधी खरं सांगावं : इतके दिवस किती चुकत होत्या. आणि मजले कमी करता येतील का, हेही विचारावं. झाकणात चिप बसवलेल्या बाटल्या देऊन १९८९मध्ये मिरगीच्या रुग्णांवर अभ्यास झाला होता. दिवसातून एकदा घ्यायचं औषध ८७ टक्के वेळा घेतलं गेलं, चारदा घ्यायचं फक्त ३९ टक्के.

काका सीएफटीआरआयमधून निवृत्त झालेले. चेलुवांबा महालातल्या या अन्नसंशोधन संस्थेत त्यांनी उमेदीची वर्षं पदार्थांच्या पाकिटात दमट हवा शिरते कशी, हे मोजण्यात घालवली. त्यांना डबी पाहूनच धसका बसला. “अरे, पट्टीतून गोळी काढून यात टाकणं म्हणजे पापड पावसाळ्यात उघडा ठेवणं.” त्यांचं खरं आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतलं पाणी ओढतं. डॅबिगॅट्रान मूळ पाकिटातच ठेवावं लागतं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी तर डबीत नकोच, ती पट्टीसकट खिशात हवी. त्यांचा उपाय : पट्टी कात्रीने कापून तुकडाच कप्प्यात टाकायचा. ऐकायला शहाणपणाचा, पण धोका असा की म्हातारी माणसं घाईत तो कडक, टोकदार तुकडा गोळीसकट गिळतात आणि अन्ननलिका फाटू शकते. जपानमध्ये असे अपघात इतके झाले की गोळ्या एकेक सुट्या करता येतील अशा रेघाच कंपन्यांनी पट्टीवरून कमी केल्या. शेवटी तह झाला : महिन्याची नाही, एकाच आठवड्याची डबी भरायची, दमटपणाला नाजूक औषधं बाहेर, आणि डबी स्वयंपाकघरात ठेवायची नाही.

पण टेल्मिसार्टनची ती जोडी हुडकून काढणं हे काकांचं काम नव्हतं, माझंही नव्हतं. ते ज्याचं काम आहे त्याला आपण ‘केमिस्ट’ म्हणतो आणि कात्रीवाला समजतो. गंमत म्हणजे हे काम भारतात शिकवायला जिथे सुरुवात झाली त्यांत म्हैसूर पुढे आहे. १९७३मध्ये स्थापन झालेल्या जेएसएस औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाने नव्वदच्या दशकात या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. विद्यार्थी प्रयोगशाळा सोडून रुग्णालयाच्या वॉर्डांत फिरू लागले : कुठली दोन औषधं एकमेकांशी भांडतात, कुठलं दोनदा लिहिलं गेलंय, रुग्णाला काय कळलंय. तिथल्या जी. पार्थसारथी यांनी करिन नायफोर्ट-हॅन्सन आणि मिलाप नहाता यांच्यासह याचं पाठ्यपुस्तक संपादित केलं. फार्म-डी ही पदवी २००८पासून देशभर आली. अशा माणसासमोर घरातली सगळी औषधं, सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून नेऊन ओतावीत. नवी डबी त्यानंतर घ्यावी.

मी निघालो त्या शुक्रवारी सकाळी मावशी डबी हातात घेऊन बाहेर आली. गुरुवार-रात्र भरलेलं होतं. “वाटलं होतं घेतली,” ती म्हणाली. कालची राहिली म्हणून आज दोन घ्यायच्या नाहीत, हे तिला आता पाठ आहे. तिने ती गोळी बाजूला काढली आणि शुक्रवार-सकाळ उघडलं. कुणी काही विचारलं नव्हतं. काका पेपर वाचत होते. तिनेच त्यांना विचारलं, “अहो, रविवारी भरताना चष्मा लावला होतात ना?”