भंगारातील जिवंत दारूगोळा

रायपूरजवळील उरला व सिलतरा येथील भट्ट्यांत लोखंडी भंगार वितळवून पोलाद तयार होते. भंगारात कधी जिवंत तोफगोळाही दडलेला असू शकतो. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळील पोलाद कारखान्यात आयात भंगारातील गोळ्याचा स्फोट होऊन दहा जण मृत्युमुखी पडले.

गोळ्यातील स्फोटक टोपी आघात, घर्षण किंवा उष्णता यांनी पेटते. ग्राइंडर वा ड्रिल चालवताना ही तिन्ही कारणे एकाच वेळी उद्भवतात. शिवाय ठिणग्याही उडतात. गंजलेली दारू निकामी असते, हा तर निव्वळ भ्रम होय. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगाव येथे जुना दारूगोळा रीतसर नष्ट करण्याचे काम चालू असतानाही सहा जणांचा बळी गेला. अशी वस्तू आढळल्यास तिला स्पर्श न करता दूर जावे व ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.