नवापूरची २००६ ची साथ आणि विषाणूजन्य रोगांपासून सामूहिक संरक्षण

प्रस्तावना
धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या आदिवासीबहुल जिल्ह्यातील नवापूर तालुका गुजरातच्या सीमेला लागून आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातमध्ये मोडतो. व्यापारास सोयीच्या या ठिकाणी कुक्कुटपालन व्यवसाय भरभराटीस आला आणि येथेच फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदला गेला.

निदानाचा प्रश्न
पोल्ट्रीतील कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा प्रथम संशय राणीखेत म्हणजे मानमोडीचा आला. तो अस्वाभाविक नव्हता. दोन्ही रोगांत अचानक मरतूक होते व बाह्य लक्षणेही बरीचशी सारखी असतात. (१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रात लोक मानमोडीच म्हणत, हा योगायोग लक्षणीय आहे.) भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने नमुन्यांत एच५एन१ विषाणू असल्याचे निश्चित केले आणि १८ फेब्रुवारी रोजी ते जाहीर झाले. मरतूक सुरू होणे आणि निदान होणे यांमधील दिवस सर्वांत धोक्याचे असतात. या काळात मेलेले पक्षी उघड्यावर टाकले जातात, उरलेले स्वस्तात विकले जातात, आणि माल भरलेली वाहने एका पोल्ट्रीतून दुसरीत जातात. व्यावसायिकाला दोष देणे सोपे आहे. परंतु सूचना दिल्यास पक्षी नष्ट होतील व भरपाई अपुरी मिळेल, ही त्याची भीती निराधार म्हणता येत नाही. वेळेवर आणि पुरेशी भरपाई हाही रोगनियंत्रणाचाच भाग मानला पाहिजे.

उपाययोजना व त्यांमागील कारणे
बाधित क्षेत्राभोवती सुमारे ३ किलोमीटरच्या परिघातील पक्षी नष्ट करून पुरण्यात आले. त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. सीमेपलीकडील उच्छल तालुक्यातही मोहीम राबवावी लागली, कारण विषाणू राज्याची हद्द जाणत नाही. पक्षी मारणाऱ्या कर्मचाऱ्यांना मुखपट्टी, हातमोजे, चष्मे व संरक्षक पोशाख, तसेच ओसेल्टामिविर हे औषध देण्यात आले. आरोग्य पथकांनी घरोघरी जाऊन तापाचे रुग्ण शोधले. संशयितांचे नमुने पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था व दिल्ली येथे तपासण्यात आले. एकाही माणसात संसर्ग आढळला नाही.

यामागील शास्त्र असे : एच५एन१ ज्या ग्राहीला चिकटतो, ती मानवी श्वसनमार्गात मुख्यतः फुप्फुसांच्या खोल भागात असते. त्यामुळे तो माणसाला सहज होत नाही व माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही; परंतु झाल्यास गंभीर होतो. २००३ पासून जगभरात नोंदल्या गेलेल्या ९०० हून अधिक मानवी रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. भारतात पहिला मानवी मृत्यू जुलै २०२१ मध्ये दिल्ली येथे उपचार घेत असलेल्या हरियाणातील एका मुलाचा नोंदला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्रींत बर्ड फ्लू पुन्हा आला होता.

कुटुंबाच्या पातळीवर
जिल्ह्यातील पाड्यांवर अंगणातील कोंबड्या घराच्या एकाच छपराखाली रात्र काढतात. म्हणून मोठ्या पोल्ट्रीसाठीचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मेलेला पक्षी उघड्या हाताने न उचलणे, तो सोलून न खाणे, लहान मुलांना विष्ठेपासून दूर ठेवणे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळविणे, एवढे मात्र शक्य आहे. साबणाने हात धुण्याचा उपयोग खरोखर होतो, कारण या विषाणूचे स्निग्ध आवरण साबणाने फुटते. कोविड-१९ च्या विषाणूलाही हेच लागू होते. चिकन व अंडी सर्वत्र ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचेपर्यंत शिजवल्यास विषाणू नष्ट होतो. २००६ मध्ये नवापूरपासून दूरच्या शहरांतही चिकन खाणे लोकांनी सोडले, ते या माहितीच्या अभावी. खरा धोका ताटातील शिजलेल्या मांसात नसून, जिवंत आजारी पक्षी हाताळण्यात व तो कापण्यात होता.