मेल सर्व्हरची देवडी

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस संगणकावरून पत्र पाठविणें आतां नवें राहिलेलें नाहीं, व पालकांसही शाळेचीं पत्रें बहुधा त्याच मार्गानें येतात. परंतु पत्रें ज्या यंत्रावर सांठविलेलीं असतात त्याच्या दाराशीं काय घडतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. दार उघडलें नाहीं म्हणजे मात्र सर्वच त्याला दोष देतात. म्हणून त्या दाराची रचना येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पत्रें सर्व्हरवरच ठेवून दुरून वाचण्याची आयमॅप नांवाची पद्धति मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ मध्यें स्टॅनफर्ड येथें निर्माण केली. ती चालविणारा ‘डव्हकॉट’ हा प्रोग्रॅम फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनीं २००२ मध्यें प्रसिद्ध केला. आमचें विवेचन याच प्रोग्रॅमच्या २.३ मालिकेस धरून आहे, पुढील २.४ मालिकेंत कांहीं सूचनांचीं नांवें बदललेलीं आहेत.

जुन्या वाड्यास देवडी असे. आलेला मनुष्य प्रथम तेथें थांबे, त्याची ओळख पटे, आणि मग तो चौकांत जाई. डव्हकॉटमध्यें देवडीचें हें काम ‘लॉगिन प्रोसेस’ करिते. मौज ही कीं, या पहारेकऱ्याच्या कमरेस कोठाराची किल्ली मुळींच नसते. तो एका अधिकारशून्य नांवानें चालतो, सर्व्हरच्या बाकीच्या फायली त्याच्या दृष्टीआड असतात, आणि पासवर्ड खरा कीं खोटा हेंही तो स्वतः ठरवीत नाहीं. आंतील ‘ऑथ’ नांवाच्या दुसऱ्या प्रोसेसला विचारतो. होकार आला म्हणजे ती जोडणी तो तिसऱ्या प्रोसेसच्या हवालीं करितो, व तीच पत्रपेटी उघडते. इतका खटाटोप कशासाठीं? अनोळखी माणसाशीं पहिलें बोलणें देवडीवर होतें. पहारेकऱ्यास कोणीं फितविलें तरी त्याच्या हातून कोठार लुटलें जाऊं नये, हा यांतील हेतु.

आतां असे पहारेकरी किती ठेवावे? मूळ रचनेंत ‘सर्व्हिस काउंट’ १ असतो, म्हणजे प्रत्येक जोडणीस स्वतंत्र प्रोसेस मिळते व काम संपतांच ती नाहींशी होते. तोच आंकडा ० केल्यास एकच प्रोसेस शेंकडों लोकांशीं बोलूं शकते. पहिली रीत सुरक्षित, दुसरी वेगवान. भेद किती खरा आहे हें २०१४ मध्यें दिसलें. त्या वर्षी ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या साधनांत ‘हार्टब्लीड’ नांवाचें छिद्र सांपडलें. त्यांतून दूरच्या माणसास प्रोसेसच्या स्मृतींतील तुकडे वाचतां येत. एकाच प्रोसेसमध्यें शेंकडों लोकांचे पासवर्ड येऊन गेले असतील तर ते सर्वच धोक्यांत. प्रत्येकास स्वतंत्र प्रोसेस असेल तर दुसऱ्याचा पासवर्ड तेथें नसतोच. सर्व्हरची स्वतःची गुप्त किल्ली मात्र दोन्ही रीतींत त्या स्मृतींत असूं शकते, हें विसरतां कामा नये.

पण सुरक्षिततेची किंमत पडते. ‘प्रोसेस लिमिट’ मुळांत १०० असतें. जोडणी गुप्तलेखनानें झांकलेली असल्यास पहारेकरी आंत सोडून मोकळा होत नाहीं. शेवटपर्यंत दुभाष्याप्रमाणें मध्यें उभा राहतो. म्हणजे एका वेळीं १०० च जोडण्या! निकालाच्या सकाळीं ३०० पालकांनीं एकदम पत्रपेटी उघडूं म्हटलें, तर १०१ वा मनुष्य खरा पासवर्ड घेऊनही बाहेरच राहील, आणि बिचारा आपलाच पासवर्ड पुन्हां पुन्हां तपाशील. यावर उपाय दोन. स्मृति पुरेशी असल्यास मर्यादा वाढवावी. शाळेसारख्या लहान संस्थेस आम्हांस हाच बरा वाटतो. गर्दी अफाट असेल तर वेगवान रीत घेऊन यंत्राच्या गाभ्यांइतक्या प्रोसेस ठेवाव्या. अशा चार प्रोसेस व प्रत्येकीस ‘क्लायंट लिमिट’ १००० दिल्यास ४००० जोडण्यांची सोय होते. मात्र ऑथ प्रोसेसची मर्यादाही त्या मानानें वाढवावी लागते, नाहींतर देवडी रुंद आणि आंतील वाट अरुंद अशी गत व्हावयाची.

दुसरी मर्यादा व्यक्तीची. एका नांवानें, एकाच आयपी पत्त्यावरून, मुळांत १० जोडण्या चालतात. दहा पुष्कळ वाटतात खऱ्या; पण थंडरबर्डसारखा वाचक-प्रोग्रॅम मूळ मांडणींत एकटाच पांच जोडण्यांपर्यंत उघड्या ठेवितो. घरांत तेंच खातें दोन संगणकांवर व एका फोनवर लावलें कीं अकरावी जोडणी नाकारली जाते. ही मोजणी नांव व पत्ता अशा जोडीची असल्यानें, शाळेच्या एकाच पत्त्यामागून चाळीस विद्यार्थी आपापल्या नांवानें आले तरी त्यांस अडचण नाहीं. कचेरीचें एकच खातें बारा यंत्रांवर उघडलें तर मात्र ती निश्चित येते.

चुकीच्या पासवर्डाचा न्याय निराळा आहे. नकार लगेच मिळत नाहीं. दोन सेकंद थांबावें लागतें, व त्याच पत्त्यावरून नवनवे चुकीचे पासवर्ड येत राहिले तर हा विलंब पंधरा सेकंदांपर्यंत वाढतो. चोरास लाखों शब्द लावून पाहावयाचे असतात, त्याला हा विलंब मारक होतो. आजोबांच्या फोनमध्यें जुना पासवर्ड राहून तोच तो येत असेल तर त्यामुळें विलंब वाढत नाहीं, ही योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

मर्यादा संपल्याची नोंद सर्व्हरच्या रोजनाम्यांत होते, आणि ‘डव्हअ‍ॅडम हू’ ही आज्ञा दिली असतां कोणाच्या नांवानें, कोणत्या पत्त्यांवरून, किती जोडण्या चालू आहेत याची यादी समोर येते. आंकडा वाढविण्यापूर्वीं व्यवस्थापकानें ही यादी अवश्य वाचावी. गर्दी शंभर माणसांची आहे कीं दोघांच्या विसरलेल्या यंत्रांची, हें तींतच कळतें.